विधी अध्यापकाची लेखणी आणि आपले घर

(मानपाडा येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मानपाड्यात आज जिकडे पाहावे तिकडे गृहसंकुले उभी आहेत. त्यांत राहणाऱ्या अनेकांना ‘मानीव अभिहस्तांतरण’ हा शब्द परिचित असेल. विकासकाने जमिनीची मालकी संस्थेच्या नावे करून दिली नाही, तर ती सक्षम प्राधिकाऱ्याकडून मिळवण्याचा हा मार्ग. कायदा असा दारात आला की आपण वकील गाठतो. वकील जुने निवाडे धुंडाळतो, न्यायाधीश निर्णय देतो. परंतु कायद्याला अर्थ देणारा आणखी एक जण असतो व त्याचे स्मरण आपल्याला क्वचितच होते. तो म्हणजे विधी महाविद्यालयातील अध्यापक.

भारतरत्न डॉ. पांडुरंग वामन काणे यांचेच उदाहरण घ्या. 1917 ते 1923 या काळात ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात अध्यापक होते. नीलकंठ भट्टांचा ‘व्यवहारमयूख’ हा सतराव्या शतकातील संस्कृत ग्रंथ. गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण येथील हिंदूंच्या वारसाहक्काचे तंटे सोडवताना इंग्रजी अमदानीतील न्यायालये या ग्रंथाला प्रमाण मानीत. आपला ठाणे परिसर याच उत्तर कोकणातला. काण्यांनी 1926 मध्ये या ग्रंथाची संपादित आवृत्ती सिद्ध केली. तिच्यासोबत धर्मशास्त्राचा थोडक्यात इतिहास द्यावा, हा मूळचा संकल्प. तो वाढत गेला आणि 1930 ते 1962 या काळात ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’चे पाच खंड प्रसिद्ध झाले. पृष्ठसंख्या साडेसहा हजारांच्या वर! स्मृतिकार आणि टीकाकार यांचे मतभेद त्यांनी झाकले नाहीत. प्रत्येक मत आधारासह मांडले. आपली परंपरा काळानुरूप बदलत आली, हे त्यामुळे पुराव्यानिशी समजते.

दुसरे उदाहरण काळजाला चटका लावणारे आहे. 1972 मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज येथे पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. उच्च न्यायालयाने दोषी ठरवलेल्या पोलिसांना सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये निर्दोष सोडले. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे संमती होती, असा त्या निकालाचा रोख होता. 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चार विधी अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. निमूट सोसणे म्हणजे संमती नव्हे, हे त्यांनी कायद्याच्याच भाषेत दाखवून दिले. देशभर चर्चा उसळली आणि 1983 मध्ये कायदा बदलला. कोठडीतील बलात्कार हा स्वतंत्र, अधिक कठोर शिक्षेचा गुन्हा झाला. अशा खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने ‘माझी संमती नव्हती’ असे न्यायालयात सांगितले, तर संमती नव्हती असेच न्यायालयाने गृहीत धरावे, ही तरतूद आली. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती कायम आहे. चार अध्यापकांचे एक पत्र, पण त्याने केवढे काम केले!

पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले डॉ. सत्यरंजन साठे यांनी प्रशासकीय कायद्यावर ग्रंथ लिहिला. न्यायालयीन सक्रियतेवरील त्यांचा ग्रंथ 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. शासनाचा अधिकार कुठे संपतो आणि न्यायालयाने कुठवर जावे, हे प्रश्न आपल्या रोजच्या जीवनाशी निगडित नाहीत काय?

मात्र एक खंत मनाला टोचते. हे सारे मूलगामी लेखन इंग्रजीत आहे. मराठीत कायद्याची पुस्तके नाहीत असे नव्हे. कलमांचे अनुवाद मिळतात, परीक्षेची मार्गदर्शकेही मिळतात. परंतु कायदा असा का आहे आणि तो कसा असावा, हे विचारणारे ग्रंथ विरळाच. 1998 मध्ये राज्यातील कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी ठरली. शासनाचा ‘न्यायव्यवहार कोश’ उपलब्ध आहे. काण्यांच्या महाग्रंथाचा सारांशही यशवंत आबाजी भट यांनी मराठीत आणला. म्हणजे भाषा असमर्थ नाही. कमी पडतो तो आपला आग्रह.

म्हणून दोन विनंत्या करतो. विधी अध्यापकांनी आपल्या इंग्रजी शोधनिबंधांपैकी एखादा तरी मराठी वाचकासाठी पुन्हा लिहावा. आणि आपण, घरात वर्तमानपत्र व साप्ताहिक घेणाऱ्या कुटुंबांनी, असे लेखन मागून घ्यावे, वाचावे, त्यावर चर्चा करावी. ज्या समाजाला आपला कायदा आपल्या भाषेत वाचता येतो, त्याला न्यायालयाची पायरी चढताना भीती वाटत नाही.