गळूं आणि गोड गोळ्या

वैशाख तापला, आंब्याच्या पेट्या घरांत आल्या, कीं मुलांच्या मानेवर आणि मांड्यांवर गळवें डोकावूं लागतात. वडील माणसें दोष आंब्याच्या उष्णतेस देतात. बिचाऱ्या आंब्यावरचा हा आळ फार जुना आहे. खरें कारण त्वचेवरच वस्तीला असतें. घामानें भिजलेली, कपड्यानें घासलेली, नखांनीं खाजवलेली कातडी जेथें किंचित् फुटते, तेथें केसाच्या मुळाशीं एक जंतु शिरतो. त्याच्याशीं शरीर झुंजूं लागलें म्हणजे ती जागा सुजते, ठणकते आणि पुवानें भरते.

हा जंतु ओळखला स्कॉटलंडांतील ॲबर्डीनचे शस्त्रवैद्य अलेक्झांडर ऑग्स्टन यांनीं. रोग्याच्या गळवांतील पू सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतांना त्यांस गोल कणांचे झुबके दिसले. १८८० सालीं बर्लिन येथील शस्त्रवैद्यांच्या परिषदेंत त्यांनीं हा शोध मांडला, आणि पुढें १८८२ सालीं द्राक्षांच्या घोंसाला असलेल्या ग्रीक शब्दावरून या जंतूचें नांव ‘स्टॅफिलोकॉकस’ असें ठेविलें. निरोगी माणसांपैकीं सुमारें एकतृतीयांशांच्या नाकांत तो मुकाट्यानें राहत असतो.

होमिओपॅथीचे जनक सॅम्युएल हानेमान यांस हा जंतु ठाऊक असणें शक्यच नव्हतें. ते १८४३ सालींच वारले. निरोगी माणसांत जीं लक्षणें जें द्रव्य उत्पन्न करतें, तशींच लक्षणें असलेला रोग तेंच द्रव्य बरा करतें, हें त्यांचें सूत्र १७९६ सालचें, आणि त्याचा विस्तार करणारा ‘ऑर्गनॉन’ ग्रंथ १८१० सालचा. म्हणून या पद्धतीचा वैद्य जंतूचा माग काढीत नाहीं. तो रोग्याला प्रश्न विचारतो. जागा लालभडक, तप्त आणि ठणकणारी असेल तर बेलाडोना. नुसता स्पर्श किंवा वाऱ्याची झुळूकही सोसवत नसेल आणि पू धरूं लागला असेल तर हेपर सल्फ, म्हणजे कालवाच्या शिंपल्याचा चुना व गंधक एकत्र तापवून केलेलें औषध. गळूं फुटूनही दिवसानुदिवस पाझरत राहिलें तर सिलिका, म्हणजे वाळूंत असतें तेंच द्रव्य.

हेपर सल्फविषयीं होमिओपॅथीच्या पुस्तकांत एक मौजेची गोष्ट आढळते. कमी शक्तीचें औषध दिलें तर गळूं लवकर पिकतें आणि उच्च शक्तीचें दिलें तर तें बसून जातें, असें तीं सांगतात. आतां कोणतेंही साधें गळूं एकतर पिकून फुटतें किंवा आपोआप जिरतें, आणि हें बहुधा एकदोन आठवड्यांत उरकतें. मग फुटलें तरी यश औषधाचें आणि बसलें तरी औषधाचेंच!

‘शक्ति’ म्हणजे काय, हें शाळेंतील गणितानें समजतें. एक भाग औषध शंभरांत मिसळावयाचें, त्यांतला एक भाग पुन्हा शंभरांत, असें तीस वेळां केलें कीं तिसावी शक्ति होते. म्हणजे एकावर साठ शून्यें दिलीं असतां जी संख्या होते, तितक्या भागांत मूळ द्रव्याचा एक भाग. पण पदार्थाच्या एका ग्रॅम-रेणुभारांत रेणूच मुळीं सहावर तेवीस शून्यें इतके. तेव्हां बाराव्या पायरीच्या पुढें कुपींत मूळ औषधाचा एकही रेणु उरण्याचा संभव फारसा नाहीं. साखर तेवढी उरते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यक संशोधन परिषदेनें उपलब्ध प्रयोग तपासून २०१५ सालीं निर्णय दिला कीं, होमिओपॅथी गुणकारी असल्याचा भरंवशाचा पुरावा एकाही रोगाच्या बाबतींत आढळत नाहीं.

तरीही या पद्धतीकडे वळलेलीं माणसें अडाणी होतीं, असें म्हणतां येत नाहीं. कलकत्त्याचे डॉ. महेंद्रलाल सरकार हे १८६३ सालचे एम्. डी. ते आरंभीं होमिओपॅथीचे विरोधक होते आणि १८६७ सालीं तिचे उघड पुरस्कर्ते झाले. विज्ञानाच्या अभ्यासासाठीं त्यांनीं १८७६ सालीं जी संस्था काढली, तिच्याच प्रयोगशाळेंत पुढें चंद्रशेखर वेंकट रामन यांचा १९२८ सालचा शोध लागला. शिवाय त्या काळच्या इतर औषधांत पारा आणि जळवा होत्या; त्यापेक्षां साखरेची गोळी खचित कमी घातक होती. वैद्यानें अर्धा तास बसून रोग्याचें ऐकून घेणें, हाही लहानसहान लाभ नव्हे.

धोका गोळींत नाहीं, तो वाट पाहण्यांत आहे. समजा, घरांतल्या मधुमेही आजोबांच्या मानेमागें सूज आली. पेटीतील कुपी निघाली. चार दिवसांनीं शक्ति वाढविली, सात दिवसांनीं औषध बदललें. इतक्यांत त्या सुजेला चाळणीसारखीं अनेक तोंडें फुटलीं, ताप चढला. ही काळपुळी. येथें वाया गेलेला दिवस रक्तांत विष पसरण्याचा दिवस ठरूं शकतो. शस्त्रवैद्याकडून पू काढविणें, जंतुनाशक औषध घेणें आणि रक्तांतील साखर आटोक्यांत आणणें, यांस येथें पर्याय नाहीं.

साध्या गळवाला मात्र इतकी धांवपळ नको. सोसवेल इतक्या कोमट पाण्यांत स्वच्छ फडकें बुडवून, पिळून, दिवसांतून तीनचार वेळां दहादहा मिनिटें शेकावें. पेनिसिलिनाच्या जातीच्या प्रत्येक गळवाला गोळ्या घेत सुटणेंही बरें नाहीं. अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या १९२८ सालच्या बशींत बुरशीमुळें विरघळलेला जंतु हाच होता. परंतु त्याला पुरून उरण्यासाठीं काढलेल्या मेथिसिलिनालाही न जुमानणारी त्याची जात १९६१ सालींच इंग्लंडांत आढळली. नाकावरचें व वरच्या ओठावरचें गळूं तर कोणींही दाबूं नये; तेथील शिरा कवटीच्या आंतील शिरांस मिळालेल्या असतात.

ताप आला, लाली पसरूं लागली, गळूं डोळ्याजवळ असलें, किंवा रोगी तान्हें मूल अथवा मधुमेही असला, तर त्याच दिवशीं डॉक्टरांस दाखवावें. एक बरें होतें न होतें तोंच दुसरें उठत असेल, तर रक्तांतील साखर तपासून घ्यावी. आणि ज्याला गळूं झालें आहे त्याचा पंचा व उशीचा अभ्रा वेगळा ठेवून तो गरम पाण्यांत धुवावा. पुष्कळ घरांत भावंडांची गळवें एकामागून एक उठतात तीं आंब्यामुळें नव्हे, त्या पंचामुळें.