हजेरीपट ढगात गेला, तेव्हा



आजचा आमचा विषय आहे ‘क्लाउड’, म्हणजे ढग. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि कामगारांच्या सभांत पुष्कळ झाले. म्हणून हा विषय आम्हांस जसा उमगला तसाच, कामकऱ्याच्या बाजूने मांडणार आहोत.

या ढगाचा आकाशाशी काही संबंध नाही. संगणकांच्या जाळ्याचा नकाशा काढताना इंजिनियर मंडळी मधला गुंतागुंतीचा भाग ढगाच्या आकृतीने दाखवीत, तेच नाव पुढे रूढ झाले. प्रत्यक्षात हा ढग जमिनीवरच असतो. मोठी इमारत, आत रांगेने लावलेली यंत्रे, अखंड वीज, आणि यंत्रे तापू नयेत म्हणून अहोरात्र चालणारी थंडाव्याची सोय, असे त्याचे रूप. अशी केंद्रे नवी मुंबईत ऐरोली-महापे भागात उभी आहेत. तेथेही पहारेकरी, वायरमन आणि सफाई कामगार राबतात, हे विसरू नये.

मग या व्यवहाराचे मर्म काय? आपल्या तालुक्यात धान पिकते, म्हणून कोणी घरोघरी राईस मिल बसवीत नाही. धान आपले, गिरणी दुसऱ्याची, आणि भरडाल तेवढे पैसे. क्लाउडचेही तसेच. माहिती आपली, यंत्र दुसऱ्याचे, वापराल तेवढे भाडे. वीज-पाण्याप्रमाणे गणनाची शक्तीही सार्वजनिक सोय म्हणून पुरविता येईल, असे जॉन मॅकार्थी या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६१ सालीच सांगितले होते. २००६ साली ॲमेझॉन कंपनीने ते मोठ्या प्रमाणावर बाजारात आणले, आणि २०१६ साली मुंबईतही आपली केंद्रे सुरू केली.

हे भाडे तीन प्रकारचे असते. कोणी नुसते शेत मक्त्याने घेतो, म्हणजे कोरे यंत्र. कोणी बैल-नांगरासह घेतो, म्हणजे कार्यक्रम रचण्याच्या साधनांसह यंत्र. आणि कोणी सरळ खानावळीत जाऊन तयार ताटावर बसतो. आपण मोबाइलवर ई-मेल पाहतो किंवा फोटो साठवितो, तेव्हा या तिसऱ्या पंगतीत असतो.

सोय मोठी आहे, हे मान्य केलेच पाहिजे. मोबाइल नदीत पडला तरी ढगात साठविलेले फोटो वाचतात. २०१५ पासून डिजिलॉकरमध्ये कागदपत्रे ठेवता येतात. २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. कुरखेड्याच्या शेतकऱ्याची त्यात एक खेप वाचते, आणि खेप वाचली म्हणजे एक दिवसाची मजुरी वाचते.

परंतु ज्याच्या हाती वही, त्याच्या हाती हिशेब, हे तेंदूच्या फडावर पुडे मोजून देणाऱ्या बाईला कोणी शिकवावे लागत नाही. १९७७ साली महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा मस्टर कागदाचे होते. मजुराला ते पाहता येई, नाव गाळले तर तेथेच भांडता येई. २०२१ साली केंद्राने मोबाइलवरून हजेरीची पद्धत आणली, आणि जानेवारी २०२३ पासून सार्वजनिक कामांवर ती सक्तीची झाली. दिवसातून दोनदा फोटो काढायचा आणि वर पाठवायचा. आता जंगलात रेंज नसली तर फोटो फोनमध्येच राहतो, आणि रेंज मिळाल्यावर तो पुढे गेला नाही, तर घाम गाळूनही दिवस कोरा पडतो. खोटी हजेरी रोखणे हा हेतू चांगलाच आहे. पण खरी हजेरी बुडू नये, हीही जबाबदारी त्याच पद्धतीची आहे.

ढगही जळतो, बरे! दक्षिण कोरियात देजॉन येथील सरकारी माहितीकेंद्रास २६ सप्टेंबर २०२५ रोजी आग लागली. ७०९ सरकारी यंत्रणा बंद पडल्या. सरकारी नोकर आपली कागदपत्रे ज्या साठ्यात ठेवीत, त्याची दुसरी नक्कल बाहेर कोठेच नव्हती. तो साठा नष्ट झाला. यंत्रविद्येत इतक्या पुढे गेलेल्या देशाची ही कथा!

तेव्हा आमचे सांगणे एवढेच. महत्त्वाच्या कागदाची एक प्रत घरी ठेवा. पासवर्ड आणि मोबाइलवर येणारा आकडा कोणालाही सांगू नका, मग तो ओळखीचा का असेना. २०२३ च्या कायद्याने आपली माहिती पाहण्याचा व चूक दुरुस्त करून घेण्याचा हक्क मान्य केला आहे, आणि तो टप्प्याटप्प्याने अंमलात येत आहे. तो समजून घ्या. आणि संघटनेने ही मागणी लावून धरावी: हजेरी खुशाल ढगात ठेवा, परंतु त्या दिवसाची सही केलेली चिठ्ठी संध्याकाळी मजुराच्या हातात पडलीच पाहिजे.