पाणथळीवरचा लाकडी पूल
(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



मी स्थापत्यशास्त्राचा पदवीधर नव्हे. मॅट्रिक झालेला एक जुना शाळामास्तर. तरीही महाविद्यालयाच्या आवारातील पाणथळ जागेवर पायी जाणाऱ्यांसाठी लाकडी पूल कसा असावा, या विषयावर बोलण्याचे मी मान्य केले. त्याला कारण माझ्या हातून घडलेली एक चूक आहे.

कोकणात मी ज्या शाळेत होतो तिच्या वाटेवर दलदल होती. वर्गणी जमवून मी तेथे साकव घालविला. खांब सरळ चिखलात रोवले. तिसऱ्या पावसाळ्यात एक खांब मोडला आणि एका मुलाचा हात कायमचा अधू झाला. खांब उपटून पाहिला, तो चिखलातील टोक शाबूत, वरचा भागही शाबूत. पाणी व हवा जेथे मिळतात तेथेच वीतभर लाकडाचा भुसा झालेला! सदैव बुडालेल्या लाकडाला हवेच्या अभावी बुरशी सहसा लागत नाही. ओलासुका होणारा भागच आधी कुजतो. मी सुताराला खर्च विचारला होता, हे विचारले नव्हते.

म्हणून खांब पुराच्या पातळीवर येणाऱ्या दगडी वा काँक्रीटच्या पायावर उभे करावेत. सागाच्या गाभ्याचेच लाकूड घ्यावे. पाणी निथळावे म्हणून फळ्यांमध्ये फट ठेवावी. मुले बगळे पाहावयास एकाच जागी गर्दी करणार, हे ध्यानी धरून दर चौरस मीटरला ५०० किलो भार मोजावा. २० मीटर लांब व २ मीटर रुंद पुलावर हा भार २० टन होतो! आणि भराव घालून पाणथळ बुजवू नये. पावसाचे पाणी तेथेच विसावते.

इंग्लंडात केंब्रिजच्या क्वीन्स कॉलेजच्या आवारात कॅम नदीवर एक लाकडी पूल आहे. विल्यम एथरिज यांनी १७४८ साली त्याचा आराखडा केला व जेम्स एसेक्स यांनी १७४९ साली तो बांधला. तो न्यूटनने बांधला अशी आख्यायिका आहे. परंतु न्यूटन १७२७ सालीच निवर्तले होते. त्याची कमान दिसते वाटोळी, पण तिच्यातील प्रत्येक तुळई सरळ आहे. १८६६ व १९०५ साली तो पुन्हा बांधावा लागला; १९०५ साली त्यास सागवान वापरले. लाकूड बदलले, आराखडा टिकला.

आपल्या ज्ञातीतील जी मुले आज स्थापत्यशास्त्र शिकत आहेत, त्यांना माझे एवढेच सांगणे की, कोणती फळी कशी काढावी व नवी कशी बसवावी, हेही नकाशात दाखवा. आणि दात्यांना विनंती ही की, पुलाच्या देणगीबरोबर त्याच्या वार्षिक डागडुजीचीही तरतूद करावी. बांधणाऱ्याचे नाव दगडावर कोरले जाते. दरसाल फळी ठोकून पाहणाऱ्याचे कोठेच नसते. पण मुलांचे हातपाय त्याच्याच भरवशावर असतात.