जंगलाचे पाहुणे आणि जंगलाचे धनी

(हातकणंगले तालुक्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या नावापुढे ‘सह्याद्रीतील पर्यटन आणि आपण’ असा विषय छापलेला पाहून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. यंत्रमागाची मजुरी, उसाचा दर, पंचगंगेचे घाण पाणी हे ज्यांचे रोजचे प्रश्न, त्यांच्यापुढे घाटमाथ्यावर हवा खायला जाणाऱ्यांची चर्चा कशाला, असे एका साथींनी मला दारातच विचारले. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर देणे हाच माझ्या भाषणाचा हेतू आहे.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एका आप्ताच्या आग्रहाखातर सह्याद्रीतील एका महागड्या रिसॉर्टमध्ये दोन रात्री राहण्याचा योग मला आला. त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण तशी ठिकाणे आता घाटमाथ्यावर जागोजागी झाली आहेत. जांभ्या दगडाच्या भिंती, बांबूचे छप्पर, सौर दिवे आणि चोहोबाजूंनी दाट रान. जागा सुंदर होती हे मी प्रांजळपणे सांगतो. समाजवाद्याला सौंदर्याचे वावडे असण्याचे कारण नाही. उशीजवळ एक छापील कार्ड ठेवलेले होते. पाणी ही निसर्गाची देणगी आहे, तेव्हा टॉवेल रोज धुवायला टाकू नका, अशी त्यात विनंती होती. खिडकीतून मात्र निळ्या पाण्याने काठोकाठ भरलेला पोहण्याचा तलाव दिसत होता. एका रात्रीचे भाडे इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगाराच्या आठवड्याच्या मजुरीहून अधिक होते.

सकाळी चहा घेऊन एक पन्नाशीचा माणूस आला. बागेची आणि खोल्यांची वरकड कामे तो करी. मी कोल्हापूरकडचा आहे हे कळताच तो मोकळा झाला. म्हणाला, “आमच्या आज्ज्याचं गाव तिकडं आत हुतं, चांदोलीच्या रानात. आता तिथं काय न्हाई. चुलते तुमच्याच तालुक्यात वसाहतीत ऱ्हात्यात.” झाडांना अडकवलेल्या पाट्यांवर लॅटिन नावे होती. त्याला त्या झाडांची खरी नावे ठाऊक होती. हिरडा कधी वेचायचा, कारवी कशाकशाला उपयोगी पडते, कोणत्या झऱ्याचे पाणी वैशाखातही आटत नाही, हे त्याने मला फिरवून दाखवले. पाहुण्यांना रान दाखवण्याचे काम मात्र शहरातून आणलेल्या एका तरुणाकडे होते, कारण त्याला इंग्रजी येत होते. साथींनो, त्या माणसाचे बोलणे मनातून जाईना, म्हणून हा विषय मी आपणांपुढे आणला आहे.

प्रथम हे रान आणि आपला तालुका यांचा संबंध पाहू. पश्चिम घाटाच्या माथ्यावरचे सदाहरित आणि निमसदाहरित जंगल हे आपल्याकडचे वर्षावन होय. अंजनी, जांभूळ आणि पिसा ही तिथली प्रमुख झाडे. आंबोलीला वर्षाला सुमारे सात हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पूर्वेकडे आपल्या माळाला येईतो त्याचा लहानसा अंश उरतो. हा पाऊस अडवून, जांभ्याच्या सड्यांतून आणि मुळांतून मुरवून, झऱ्यावाटे सावकाश खाली सोडण्याचे काम ते जंगल करते. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती याच डोंगरातून उतरतात आणि प्रयाग चिखलीपाशी त्यांची पंचगंगा होते. वारणाही त्याच सह्याद्रीतून येते. उत्तरेला वारणा आणि दक्षिणेला पंचगंगा यांच्या मधला हा आपला हातकणंगले तालुका आहे. म्हणजे आपल्या उसाच्या सरीत आणि घागरीत येणारे पाणी त्या रानातून निघालेले असते. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर आपण पाहिले. २०१२ साली इचलकरंजीत काविळीच्या साथीने माणसे दगावली तेही पाहिले. पुराला आणि रोगराईला इतरही अनेक कारणे आहेत. परंतु नदीचा विचार तिच्या उगमापासून करावा लागतो, हे या अनुभवांतून आपण शिकलेच पाहिजे. डॉ. लोहियांनी नद्यांच्या शुद्धीचा प्रश्न १९५० च्या दशकातच जाहीर सभांतून मांडला होता. आपण, त्यांचे वारसदार, तो विसरलो.

आता इतिहासाकडे वळू. डोंगरावर जाऊन विसावण्याची रीत आपल्याकडे राज्यकर्त्यांनी रूढ केली. इंग्रज साहेबाला मैदानी उन्हाळा सोसेना, म्हणून १८२० च्या दशकाच्या अखेरीस महाबळेश्वरी माल्कम पेठ वसली आणि १८५० नंतर माथेरान. पुढे १८७८ च्या वन कायद्याने सरकारने रानांवर मालकी सांगितली. गुरे चारणे आणि लाकूडफाटा आणणे हे रयतेचे पिढीजात व्यवहार एका फटक्यात गुन्हे ठरले. महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगल खात्याच्या या जुलमावर कठोर टीका केली आहे, ती प्रत्येक कार्यकर्त्याने पुन्हा वाचावी.

स्वातंत्र्यानंतर हे चित्र पालटायला हवे होते. कोल्हापूरच्या राजघराण्याचे शिकारीचे रान असलेले दाजीपूर १९५८ साली अभयारण्य झाले, ही गोष्ट चांगलीच झाली. १९८५ साली राधानगरी अभयारण्याचा विस्तार झाला. कोयना आणि चांदोली ही अभयारण्ये त्याच वर्षी जाहीर झाली. चांदोली २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१० मध्ये कोयना व चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. २०१२ साली ‘युनेस्को’ने पश्चिम घाटाची ३९ ठिकाणे जागतिक वारसा ठरवली. त्यांतली चार महाराष्ट्रात आहेत: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. आपण सर्वांनी अभिमानाने पेढे वाटले. परंतु त्या वारशाची किंमत कोणी मोजली? वारणा धरणासाठी आणि चांदोलीच्या अभयारण्यासाठी ज्यांची गावे उठली, त्यांनी. त्यांच्या वसाहती आपल्या आणि शिरोळ तालुक्यात आहेत. कोयनेच्या धरणग्रस्तांना तर धरण होऊन अर्धशतक लोटल्यावरही न्यायासाठी आंदोलने करावी लागली. महाराष्ट्राने १९७६ साली पुनर्वसनाचा कायदा केला, १९८६ आणि १९९९ मध्ये तो नव्याने केला. या कायद्यांचे श्रेय धरणग्रस्तांच्या लढ्यांना आहे.

जंगल राखण्यासाठी माणसे बाहेर काढली, असे त्यांना सांगण्यात आले. मग त्याच जंगलाच्या कडेला ज्यांना काचेच्या खिडकीतून गवा पाहायचा आहे त्यांच्यासाठी इमारती उठतात, हे त्यांना कोणत्या तोंडाने समजावून सांगायचे? १९९६ साली राज्य सरकारने गिरिस्थान पर्यटनासाठी विशेष नियमावली काढली आणि डोंगरातील जमिनीची दारे मोठ्या भांडवलाला खुली झाली. वरसगाव जलाशयाच्या काठी उभ्या राहिलेल्या लवासाचे काम २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने थांबवले, तोवर डोंगर कापून झाले होते. आता कोयनेच्या जलाशयाभोवती ‘नवीन महाबळेश्वर’ वसवण्याच्या योजना पुढे येत आहेत.

कुणी म्हणेल, ही नवी रिसॉर्टे तशी नाहीत, ती पर्यावरणस्नेही आहेत. हा दावा आपण उडवून लावू नये, तपासून पाहावा. सौर दिवा चांगला, बांबूचे छप्परही चांगले. पण मला तीन हिशेब हवे आहेत. पहिला जमिनीचा: ही जमीन कोणाची होती, कोणत्या भावाने गेली आणि विकणारा आज कुठे आहे? दुसरा पाण्याचा: झरा कोणाच्या तोंडचा वळवला आणि मैलापाणी कोणत्या ओढ्यात जाते? तिसरा श्रमाचा: स्थानिक माणसाला कायम नोकरी आहे की हंगामी मजुरी, आणि नफ्यातला किती वाटा गावात राहतो? हे तीन हिशेब देणारे कार्ड मला उशीजवळ आढळले नाही. निसर्गाचे प्रेम पाहुण्याच्या टॉवेलापाशी सुरू होऊन तिथेच संपत असेल, तर त्याला जाहिरात म्हणावे लागेल.

घाटमाथ्यावर गवळी-धनगरांचे धनगरवाडे आहेत. रिसॉर्टच्या दारापर्यंत डांबरी रस्ता जातो. त्याच डोंगरातल्या कित्येक धनगरवाड्यांवरून आजारी माणसाला आजही डोलीत घालून खाली आणावे लागते. रस्ता मागितला की ‘वनखात्याची हरकत आहे’ असे उत्तर मिळते. वस्तुतः २००६ च्या वनहक्क कायद्याने रस्ता, शाळा, दवाखाना अशा सोयींसाठी ग्रामसभेच्या शिफारशीने एक हेक्टरपर्यंत वनजमीन देता येते. मात्र हाच कायदा आदिवासी नसलेल्या पारंपरिक वननिवासींकडे तीन पिढ्यांच्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा मागतो. ज्यांचे सारे आयुष्य कागदाविना गेले, त्यांनी तो कुठून आणावा? इथे कार्यकर्त्याची गरज आहे. जुनी पुस्तके, गॅझेटियर, महसुली कागद, वडीलधाऱ्यांचे जबाब गोळा करून दावे भरणे हे सभेत टाळ्या मिळवून देणारे काम नाही. तरी ते केलेच पाहिजे.

साथींनो, या प्रश्नात आपलीही चूक झाली आहे, ती मान्य करू या. प्रा. माधव गाडगीळ यांच्या समितीने २०११ साली पश्चिम घाटाविषयीचा अहवाल दिला. निर्णयाची प्रक्रिया ग्रामसभेपासून सुरू व्हावी, हा त्याचा गाभा होता. म्हणजे लोकशाही विकेंद्रीकरणाचीच ती मागणी होती. परंतु घर बांधता येणार नाही, शेती करता येणार नाही, अशी हूल खाणवाल्यांनी आणि जमिनीच्या दलालांनी उठवली, आणि आपल्यातलेही अनेकजण त्यांच्या सुरात सूर मिसळून बसले. अहवाल मराठीत गावोगाव वाचून दाखवण्याचे काम आपले होते, ते आपण केले नाही. मग २०१३ मध्ये कस्तुरीरंगन समितीचा अहवाल आला, आणि २०१४ ते २०२४ या काळात केंद्र सरकारने अधिसूचनेचे मसुदे सहा वेळा काढले. मसुदे निघत राहिले आणि डोंगरातल्या जमिनी विकल्या जात राहिल्या. पर्यावरण हे सुखवस्तूंचे खूळ आहे, असे आपण म्हणत राहिलो, आणि त्यामुळेच ते सुखवस्तूंच्या हाती गेले. १९७३-७४ मध्ये गढवालच्या ज्या बायांनी झाडांना मिठ्या मारल्या त्या सुखवस्तू नव्हत्या, हे तरी आपण आठवायला हवे होते.

तेव्हा पर्यटन नकोच, असे का म्हणायचे? मी तसे म्हणणार नाही. गिरणीतल्या आणि मागावरच्या माणसालाही वर्षातून दोन दिवस हिरवे रान पाहण्याचा हक्क आहे. प्रश्न त्या व्यवहाराचा धनी कोण, हा आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावी कासवांची पिल्ले समुद्रात जाताना पाहायला लोक जातात. तिथे पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरतात, त्यांच्याच पंगतीला जेवतात आणि पैसा गावात राहतो. पूर्वी अंडी चोरीला जात, आता गाव ती राखते. कास पठारावर भोवतालच्या गावांच्या समित्या प्रवेशशुल्क घेतात आणि पाहुण्यांच्या दैनिक संख्येवर मर्यादा आहे. केरळात पेरियारच्या जंगलात एकेकाळी चोरून शिकार करणारेच आता पाहुण्यांना रान दाखवतात आणि रानाची गस्तही घालतात. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवला आणि स्वतःच्या बांबूचा व्यवहार स्वतः केला. ही उदाहरणे निर्दोष नसतील. पण ती प्रत्यक्षात घडलेली आहेत.

आणि सहकाराचे धडे कोल्हापूर जिल्ह्याला बाहेरून घेण्याची गरज नाही. कारखाने, दूध संघ, सूतगिरण्या आपण उभ्या केल्या. त्या काही घराण्यांच्या ताब्यात कशा गेल्या हेही आपण पाहिले. म्हणून वनग्रामांच्या सहकारात मतदार यादी, वार्षिक हिशेबाचे जाहीर वाचन आणि स्त्रियांचा निम्मा वाटा या अटी पहिल्या दिवसापासून हव्यात.

आपल्यापुढे मी चार कामे ठेवतो. एक, तालुक्यातील प्रत्येक विस्थापित वसाहतीत जाऊन जमीन, पाणी आणि नागरी सोयींच्या थकलेल्या हक्कांची यादी करणे. दोन, शाहूवाडी, राधानगरी, गगनबावडा येथील साथींबरोबर धनगरवाड्यांचे वनहक्क दावे भरणे. तीन, ग्रामसभेच्या ठरावाविना डोंगरात एकही पर्यटन प्रकल्प होऊ नये आणि बॉक्साइटच्या खाणींनाही तोच नियम लागावा, अशी मागणी करणे. चार, रानाच्या कडेच्या अशा व्यवसायांत विस्थापितांच्या सहकारी संस्थांना पहिला हक्क मिळावा यासाठी लढा उभारणे.

मी निघालो तेव्हा तो माणूस फाटकापर्यंत पोचवायला आला. माझी पिशवी घेऊ का म्हणाला, मी दिली नाही. आज्ज्याच्या गावात पुन्हा कधी गेला होतास का, असे मी विचारले. “परवानगी लागती,” तो म्हणाला, “आणि तिथं जाऊन सांगायचं तरी काय, कोन म्हनून आलोय?” त्याच्या चुलत्यांची वसाहत आपल्या या सभागृहापासून फार लांब नाही. उद्या सकाळी आपण तिथूनच सुरुवात करू.