बुधवार पेठेत आपले स्वागत



दह्यादुधातले जिवाणू इतर जिवाणूंना मारणारी प्रथिने कशी बनवतात, कोणत्या जनुकांच्या बळावर बनवतात, याची चर्चा करायला आपण पुण्यातल्या बुधवार पेठेत आलात. स्वागत समितीच्या वतीने मी आपले मनःपूर्वक स्वागत करतो.

१८४८ साली इथल्या भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली. त्याच वर्षी पुणे नगर वाचन मंदिर सुरू झाले. पेशव्यांचा बुधवार वाडा १८७९ च्या आगीत गेला. अप्पा बळवंत चौकातला पुस्तकांचा बाजार मात्र आजही भरलेला असतो.

पण मला आज आठवण काढायची आहे ती दगडूशेठ गडवे हलवाई यांची. दगडूशेठ म्हटले की हात गणपतीपुढे जोडले जातात आणि हलवाई मागे राहतो. आयुष्यभर मिठाईचा धंदा केलेला हा गृहस्थ. प्लेगात त्यांचा मुलगा गेला. त्या दुःखातून सावरताना त्यांनी आणि पत्नी लक्ष्मीबाईंनी दत्त आणि गणपती पेठेला दिले. १८९८ चे दत्तमंदिर लक्ष्मीबाईंचेही नाव सांगते. परिषदेच्या विषयाशी त्यांचे नाते दुधापुरतेच, तरी दुधावर बोलायला जमलेल्या सभेत त्यांचे नाव घेतल्यावाचून मला राहवत नाही.

तज्ज्ञांनी मला समजावले ते थोडक्यात सांगतो. दुधातला लॅक्टोकॉकस लॅक्टिस हा जिवाणू निसिन नावाचे असेच एक मारक प्रथिन बनवतो. १९४७ साली इंग्लंडमध्ये मॅटिक आणि हिर्श यांनी त्याला हे नाव दिले. ३४ अमिनो आम्लांच्या या लहानशा साखळीमागे ११ जनुकांचा संच आहे. काही जनुके ती घडवतात, काही बाहेर पाठवतात, काही त्या जिवाणूला त्याच्याच अस्त्रापासून वाचवतात. पण दगडूशेठांच्या मुलाला नेणाऱ्या प्लेगच्या जिवाणूला बाहेरून आणखी एक आवरण असते, तिथे निसिन एकटे पुरे पडत नाही. पुढची वाट आपण शोधायची आहे.

आमच्या गल्ल्या अरुंद आहेत. गाड्या लांब लावाव्या लागल्या, काहींची निवासव्यवस्था पेठेबाहेर करावी लागली, सभागृहात दाटी झाली आहे. गैरसोयीबद्दल क्षमा असावी. काही कमी पडले तर कार्यकर्त्यांना हक्काने सांगा. दूध आणि दही पुरवणारे डेअरीवाले, भोजनाचा भार उचलणारे मिठाईवाले, तुळशीबागेतले व्यापारी, पुस्तकविक्रेते, खुर्च्या-मांडव देणारी गणेश मंडळे, पहाटेपासून झाडलोट करणाऱ्या भगिनी, या सर्वांचा मी ऋणी आहे. नाव घ्यायचे राहून गेलेल्या देणगीदारांचाही तितकाच.

एकच विनंती. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत १९५१ पासून औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह आहे. घराघरांतली, जुन्या डेअऱ्यांतली विरजणे तयार पाकिटांपुढे संपत चालली आहेत. ती संपण्याआधी त्यांतले जिवाणू वेगळे करा आणि अशा संग्रहांत जतन करा. नमुने गोळा करायला पेठेतली दारे आम्ही उघडून देऊ.