बाजारपेठेचा जीर्णोद्धार
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत, मुलुंड पश्चिम येथे केलेले भाषण)



या मंगलप्रसंगी मंदिर, पाठशाळा, वैयावच्च या विषयांवर अधिकारी वक्ते बोलले आहेत. मी कापडाचा व्यापारी. मोजपट्टी हीच माझी विद्या. म्हणून ज्या बाजारपेठेच्या मिळकतीने आपल्या समाजाच्या संस्थांना हातभार लावला, त्या स्टेशनाजवळच्या बाजारपेठेविषयी बोलण्याची अनुमती घेतो. जीर्णोद्धार हा शब्द आपण मंदिरापुरता राखून ठेवला आहे. तो बाजाराच्या रस्त्यालाही लावावा, असे मला वाटते.

मुलुंड पश्चिम हा उपनगरांतील आखून वसविलेल्या जुन्या भागांपैकी एक. १९२२ साली झवेरभाई रामजी आणि कंपनीसाठी क्राउन अँड कार्टर या वास्तुरचनाकारांनी स्टेशनपासून पाचरस्त्यापर्यंतचा आराखडा तयार केला. चौकटीसारखे एकमेकांना छेदणारे सरळ रस्ते त्या काळी उपनगरात दुर्मीळ होते. गाडीतून उतरलेल्या माणसाने चालत घरी जावे आणि वाटेत भाजी, किराणा, कापड घ्यावे, असा हा बाजार घडला. म्हणजे त्याचे खरे भांडवल गल्ल्यात नाही, चालणाऱ्याच्या पायांत आहे. आणि आज चालणाऱ्यालाच जागा उरलेली नाही.

मॉलने आपल्याला बुडविले, असे आपण सहज म्हणतो. घाटकोपरचा आर सिटी मॉल २००९ साली सुरू झाला. तेथे गर्दी असते हे खरे. परंतु त्याच लालबहादूर शास्त्री मार्गावरील भांडुपच्या ड्रीम्स मॉलची मार्च २०२१ मधील आगीनंतर काय दशा झाली, हे आपण जाताना-येताना पाहिले आहे. मॉल अमरपट्टा घेऊन येत नाही. जो मॉल चालतो तो काही आपल्यापेक्षा उत्तम कापड विकत नाही; आजीबाईंना नातवाचा हात धरून निर्धास्त चालता येईल अशी सपाट जमीन तो देतो. घरपोच माल पाठविणाऱ्या कंपन्यांचेही तेच. कापडाचा पोत बोटांना कळतो, पडद्यावर कळत नाही. तरीही गिऱ्हाईक दुकानापर्यंत येत नसेल, तर दोष मालात नसून वाटेत आहे.

आता थोडे कटू बोलतो, क्षमा असावी. ही वाट अडविली कोणी? लगेच बोट फेरीवाल्याकडे जाते. एल्फिन्स्टन रोड स्थानकावरील दुर्घटनेनंतर २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयाने स्टेशनपासून १५० मीटरपर्यंत फेरीवाल्यांना मनाई केली, हे आपल्याला तोंडपाठ असते. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्याच्या उपजीविकेलाही संरक्षण दिले आहे, आणि त्या कायद्यातील नगर पथविक्रेता समितीत व्यापारी संघटनांच्या प्रतिनिधित्वाचीही तरतूद आहे, हे मात्र फारसे कोणी बोलत नाही. आणि आपले पुतळे, हँगर, पायऱ्या, ओटे, छपऱ्या? त्यांना कोणता परवाना आहे? मुद्दाम सांगतो, फेरीवाला संध्याकाळी टोपली उचलतो. सिमेंटचा ओटा रात्रीही तेथेच असतो.

आपल्या तिसऱ्या अणुव्रताचे नाव अदत्तादान-विरमण. जे दिलेले नाही ते घेणे म्हणजे अदत्तादान. पदपथ आपल्याला कोणी दिला? परिग्रह-परिमाण व्रताच्या अतिचारांत तर क्षेत्र-वास्तूच्या मर्यादेचे उल्लंघन पहिलेच सांगितले आहे. प्रतिक्रमणात या अतिचारांची आलोचना करावयाची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर करून दोन फूट पुढे माल मांडावयाचा, याचा मेळ मला लागत नाही. चातुर्मास संपल्यावर साधु-साध्वी अनवाणी विहार करतात. ईर्यासमिती पाळत, चार हात पुढची जमीन निरखत त्यांनी या रस्त्यावरून रिक्षा आणि ओटा यांच्या मधून पाऊल टाकावे, अशी व्यवस्था आपण सर्वांनी मिळून केली आहे.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे पदपथाचा मोकळा भाग किमान १.८ मीटर हवा. आपल्या भाषेत सांगायचे तर छत्तीस इंची पन्ह्याचे दोन ताके शेजारी-शेजारी उलगडले की झाली तेवढी रुंदी. इतकी जागा सोडणे कोणत्याही पेढीला जड नाही.

रस्ता मोकळा केला की धंदा बसेल, ही भीती मी समजू शकतो. दिल्लीच्या चांदणी चौकात आपले लाल मंदिर आहे. तेथून फतेहपुरी मशिदीपर्यंतचा सुमारे सव्वा किलोमीटरचा रस्ता २०२१ साली नव्याने बांधून चालणाऱ्यांसाठी खुला झाला. सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारींना मज्जाव ठरला. नियम मोडल्याच्या तक्रारी तेथे आहेत, परंतु चांदणी चौकातली दुकाने काही ओस पडली नाहीत. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर, म्हणजे कापड-सराफांच्याच पेठेत, महापालिकेने २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन सुरू केला. एका दिवसाने क्रांती होत नसते. पण वाहनांविना आपली पेठ कशी दिसते, हे व्यापाऱ्याला दुकानात बसून पाहता येते. एवढा प्रयोग आपण झवेर रोडवर एका रविवारी का करू नये?

आणखी एक धोका शांतपणे येत आहे. जुन्या इमारतींचा पुनर्विकास होतो तेव्हा रस्त्याकडील गाळ्यांच्या जागी वाहनतळ, दिवाणखान्यासारखे प्रवेशद्वार किंवा कोरी भिंत उभी राहते. अशी सलग चार-पाच दारे मिटली की गिऱ्हाईक तेथूनच मागे वळते आणि पुढची दुकाने विनाकारण मरतात. ज्या सोसायट्यांत आपले लोक पदाधिकारी आहेत, त्यांनी विकासकाशी करार करतानाच रस्त्याकडील तळमजला दुकानांचाच राहील, असे कलम घालून घ्यावे. इमारत उभी राहिल्यावर कोणीही ऐकत नाही. त्यातच शास्त्री मार्गावरून मेट्रो-४ ची मार्गिका जाते. तिने येणारा-जाणारा माणूस बाजार ओलांडून घरी जाणार नाही. त्याला मुद्दाम यावे लागेल, आणि मुद्दाम येणाऱ्याला कारण द्यावे लागते.

वेळेविषयी थोडेसे. नोकरदार मुलुंडला उतरतो रात्री साडेआठ-नऊला. चौविहार करणाऱ्या आपल्यापैकी बऱ्याच जणांचे जेवण सूर्यास्तापूर्वीच आटोपलेले असते. तेव्हा नऊ वाजता शटर ओढण्याची घाई भुकेपोटी नाही, एवढे तरी कबूल करावे! कालिदास नाट्यमंदिराचा प्रयोग सुटतो तेव्हा बाजारात दिवे असावेत, असे मला फार वाटते.

विश्वस्तांकडे माझी मागणी छोटी आहे. सुवर्णमहोत्सवी निधीतून मोठी कमान उभारू नये. त्या रकमेत स्टेशन ते पाचरस्ता या वाटेवर, महापालिकेची परवानगी घेऊन, वृद्धांसाठी बाके आणि उकळून गार केलेल्या पाण्याची परब करावी. बाकावर दात्याचे नाव लहान अक्षरांत चालेल. आणि पर्युषणापूर्वीच्या रविवारी समाजातील दुकानदारांनी आपापल्या दारापुढे मोजपट्टी धरावी. माप घ्यायला मी स्वतः येईन. दुकानांची यादी कार्यालयात ठेवली आहे, ज्यांची तयारी असेल त्यांनी आज जाताना सही करावी.

जय जिनेंद्र!