पंढरीचे दार



धर्म राजकारणात आणू नये असे म्हणून तो यायचा थांबत नाही. तो येतोच. आल्यावर तो कोणाकडून काय मागतो, एवढे मात्र पाहावे. ते पाहायला मला पंढरपूरइतकी चांगली जागा दुसरी दिसत नाही.

संत चोखोबांची समाधी तिथे विठ्ठल मंदिराच्या महाद्वारासमोर आहे. वारकरी त्या समाधीला नमस्कार करून आत जात, पण चोखोबांच्या जातीच्या माणसाने आत पाऊल टाकायचे नाही, असा रिवाज शतकानुशतके चालला. त्यात कोणाला काही खटकत नव्हते, याचेच साने गुरुजींना दुःख होते. हे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून १९४६ च्या कार्तिकी एकादशीला ते उपोषणाला निघाले होते. सेनापती बापटांनी त्यांना थोपवले: आधी महाराष्ट्राला विचारा, मग काय ते करा. गुरुजी काही महिने गावोगाव हिंडले. कुठे पाणवठा खुला झाला, कुठे गावचे देऊळ. माझ्या मते खरे काम या दौऱ्यातच झाले. उपोषणाची आठवण आपण जरा जास्तच काढतो.

१ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू झाले. चुकीची माहिती पोहोचल्यामुळे खुद्द गांधीजींनी ते सोडा म्हणून कळवले. गुरुजींनी मानले नाही. ज्या माणसाचे आयुष्य गांधींवरच्या भक्तीत गेले, त्याला हे किती जड गेले असेल! शेवटी दादासाहेब मावळंकरांच्या मध्यस्थीने मंदिराचे पुजारी बडवे दार उघडायला तयार झाले आणि १० मे रोजी उपोषण सुटले.

यात दुसऱ्या धर्माविरुद्ध एक अवाक्षर नव्हते. मागणे होते ते आपल्याच धर्मबांधवांकडे, आणि पणाला लागला होता तो स्वतःचा देह. श्रद्धेने राजकारणात यायचे तर असे यावे, असे मला वाटते.

पण इथेच थांबलो तर ते अर्धसत्य होईल. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३० साली नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेशासाठी सत्याग्रह उभा केला, वर्षानुवर्षे दार उघडले नाही, आणि १९३५ साली येवल्याला त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. गुरुजी उपोषणाला बसले तेव्हा मंदिरप्रवेश हा बाबासाहेबांच्या दृष्टीने मुख्य प्रश्न उरलाच नव्हता. हवे होते शिक्षण, नोकरी आणि सत्तेतला वाटा. कोणाच्या तरी हृदयपरिवर्तनाची वाट पाहत हक्क मिळवायचा, हा पीडिताचा अपमानच नव्हे काय? मला हा आक्षेप बिनतोड वाटतो. उपोषण करणाऱ्याचे मन कितीही शुद्ध असो, ज्याच्यासाठी दार उघडायचे तो माणूस त्या कथेत बाजूलाच उभा राहतो.

म्हणून कायदा लागतो. मुंबई सरकारने १९४७ मध्येच मंदिरप्रवेशाचा कायदा केला. पुढे घटनेच्या १७व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली आणि २५व्या कलमाने सार्वजनिक हिंदू देवस्थाने हिंदूंच्या सर्व वर्गांना खुली करण्याचा अधिकार शासनाला दिला. पंढरपूरच्या बडवे आणि उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क संपवणारा कायदा १९७३ चा. त्यावर सर्वोच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब झाले ते २०१४ मध्ये. श्रद्धेने दहा दिवसांत दार उघडले, पण त्या दारावरचे वंशपरंपरागत हक्क कायमचे संपायला त्यानंतर सहा दशकांहून अधिक काळ लागला.

तेव्हा मंडळी, यापुढे देवाच्या नावाने कोणी मत मागायला आला, तर त्याला एवढेच विचारा: स्वतःच्या माणसांना तू काय सोडायला सांगितलेस?